मधमाश्यांच्या जागी माझी कादंबरी

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे, त्यामुळे इथे खोटं लिहिण्याचं काही कारण नाही. (पुढेमागे अभ्यासकांच्या हाती पडलीच तर माझी ना नाही. म्हणूनच अक्षर मोठं काढतोय.)

सद्यस्थिती: कादंबरी पूर्ण झाली आहे. फक्त लिहायची बाकी आहे. पहिलं पान मात्र लिहूनही झालं आहे, आणि अकरा वर्षांत ते त्रेचाळीस वेळा सुधारलं आहे. इतकं घासलेलं पान दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही. जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात गेला, त्याचा हा फायदा.

गोष्ट अशी. एक माणूस वीस वर्षांनी आपल्या घरी परत येतो. हातात बॅग. बॅगेत काय आहे ते फक्त त्याला ठाऊक. जिना चढतो. चौथ्या मजल्यावर थांबतो. दार ठोठावतो. आत पावलं वाजतात. पान संपतं. माझ्या अंगावर तरी दर वेळी काटा येतो.

मला काय हवंय ते एकदाचं लिहून टाकतो. प्रसिद्धी नको. पुरस्कार नको (दिलाच तर पाहू). एक वाचक हवा, एकच. त्याने पान संपल्यावर मान वर करून विचारावं, मग पुढे काय झालं? अकरा वर्षांत हे कोणी विचारलेलं नाही. हिने त्रेचाळिसावा खर्डा शेवटपर्यंत वाचला, मान वर केली, आणि गॅसवरचं दूध बंद केलं का असं विचारलं.

दुपार.

वाचनालयाच्या फळ्यावर नोटीस! 'अप्रकाशित लेखकांची संध्याकाळ.' शनिवार, २७ तारीख. प्रत्येकी वीस मिनिटं. ताबडतोब नाव दिलं. ग्रंथपालबाईंनी विचारलं की काय वाचणार. म्हणालो, कादंबरीतला काही भाग. त्यांनी विचारलं की किती पानांची आहे. म्हणालो, मोठी आहे.

संकल्प: रोज चार पानं. म्हणजे २६ तारखेपर्यंत शंभर पानं आरामात होतात. त्यातून वीस मिनिटांपुरता भाग निवडताना नाकी नऊ येणार आहेत, पण ते दुखणं गोड आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार.

पानं: शून्य. पण आज जी कल्पना सुचली ती चाळीस पानांच्या तोडीची आहे.

आमच्या दुकानात जवळचा नंबर तपासायचं एक कार्ड असतं. त्यावर सहा उतारे. वरच्याचं अक्षर मोठं, मग लहान लहान होत शेवटचा उतारा मुंगीएवढा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, तिच्यात एकेक काच घालत-काढत जायचं आणि गिऱ्हाइकाने कार्ड मोठ्याने वाचायचं. कंपनीने दिलेल्या आमच्या कार्डावर मधमाश्यांची माहिती आहे. राणी माशी, कामकरी माशी, पोळ्यातली घरं. एकोणीस वर्षं हेच चाललंय. रोज दहा-बारा माणसं माझ्यासमोर बसतात आणि मोठ्याने माश्या वाचतात. आणि त्या खुर्चीखालच्या ड्रॉवरमध्ये माझी कादंबरी पडलेली! एवढा साधा विचार एकोणीस वर्षांत मला शिवला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

लेकीने कॉम्प्युटरवर माझं पान बरोब्बर त्याच सहा मापांत बसवून दिलं. बाबा, असं चालतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अक्षराचं माप तेच, काळी शाई तीच, डोळ्याला काय कळतंय. लॅमिनेशनही करून आणलं. ड्रॉवरमध्ये आता मधमाश्या.

ही काउंटरवर फ्रेमा पुसत होती. काही बोलली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणसं मूकपणे पाठिंबा देतात.

३ सप्टेंबर, बुधवार.

आज अकरा वाचक झाले. एका दिवसात अकरा! नावाजलेल्या लेखकांचीही एवढी पानं दिवसाला मोठ्याने वाचली जात नसावीत.

पहिला मान बस ड्रायव्हरचा. पाच नंबरची बस चालवतो, गलेलठ्ठ माणूस, आवाज खर्जातला. 'तो वीस वर्षांनी परत आला' हे त्याने असं वाचलं की बाकावरची माणसं वर बघायला लागली. जिन्यापर्यंत आला आणि थांबला. यापुढे दिसत नाही म्हणाला. मी काच बदलली. चौथा मजला. पुन्हा काच. दाराशी आला, दार ठोठावलं, पावलं वाजली. मी श्वास रोखून उभा. तो म्हणाला, हां, आता बरंय.

एवढंच. पण त्याचा आवाज दाटला होता असं मला वाटतं. भारावलेली माणसं लगेच बोलत नाहीत. फ्रेम निवडायला काउंटरवर गेला तो तिथे हिच्याशी बराच वेळ बोलत होता. दांड्यांबद्दल असणार. मी आत काचा घासायला गेलो.

पानं: शून्य. दुकानात वाचकांची गर्दी असताना लेखकाने लिहायचं कधी?

५ सप्टेंबर, शुक्रवार.

एक तांत्रिक अडचण लक्षात आली. माझ्या पानाचा कळस शेवटच्या उताऱ्यात आहे, आणि शेवटचा उतारा मुंगीएवढ्या अक्षरात आहे. ज्यांची नजर अधू ती माणसं जिन्यातच राहतात. साठीपुढच्या वाचकांपैकी एकही अजून दारापर्यंत पोचलेला नाही. एक आजोबा तर बॅगेच्या आधीच गळाले.

कोणालाही वाऱ्यावर सोडायचं नाही असं ठरवलं. काच लागेल तेवढी चढवायची, पण माणूस दारापर्यंत न्यायचाच. आज एका काकूंना पाऊण तास बसवून नेलं. उठल्या तेव्हा त्यांना चक्कर येत होती. साहित्याने माणूस हलतो तो असा.

८ सप्टेंबर, सोमवार. दुपार.

पानं: शून्य. कारणं नोंदवून ठेवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

एक, टेबलावरचा दिवा मंद आहे. दोन, वह्यांच्या रेघा हल्ली फार फिक्या छापतात. पूर्वीच्या रेघा कशा ठसठशीत असत. तीन, पेनांच्या शाईतही आता दम राहिलेला नाही. लिहिलेलं वाचायला वही हातभर लांब धरावी लागते. इतक्या लांबून कोण लिहिणार?

नवा दिवा आणला. जाड रेघांची वही आणली. पेनं तीन.

ही म्हणाली की अहो, एकदा स्वतःचे डोळे तपासा, बावन्न वर्षांचे झालात. मला हसू आलं. चष्मेवाल्याला चाळिशी लागली हे गिऱ्हाइकांना कळलं तर शोभेल का? तरी तिच्या समाधानासाठी खुर्चीत बसलो, कार्ड हातात घेतलं, आणि वरपासून खालपर्यंत, मुंगीएवढ्या अक्षरासकट, धडाधड वाचून दाखवलं. कुठे अडखळलो नाही. ही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग फ्रेमा पुसायला लागली.

१० सप्टेंबर, बुधवार.

यंदाच्या फ्रेमांचे स्क्रू भलतेच सैल निघाले आहेत. बस ड्रायव्हर आज तिसऱ्यांदा स्क्रू पिळून घ्यायला आला. पलीकडच्या गल्लीतले शिंपीदादा तर रोज येतात. गळ्यात टेप, दुकान उघडं टाकून येतात आणि डावी दांडी हलते म्हणतात. कारखान्याला कडक पत्र लिहायला हवं. कादंबरीनंतर.

मात्र खरं कारण मला कळलं आहे. स्क्रू हे निमित्त. यांना लेखकाच्या आसपास असावंसं वाटतं. शिंपीदादा काउंटरला टेकून उभे असतात, मी पडद्याआडून बाहेर आलो की एकदम गप्प होतात आणि टेप गुंडाळू लागतात. आदर. मी हलकेच मान डोलावतो आणि आत जातो. सलगी बरी नाही.

जेवताना हिने सहज विचारलं की त्या माणसाच्या बॅगेत काय आहे हो? मी हातातला घास खाली ठेवला. तिला समजावून सांगितलं की थोर लेखक अशी गुपितं घरातसुद्धा फोडत नसतो. ती म्हणाली, बरं, मग मीच बघते. काय बघते ते कळलं नाही. भाजी वाढायला उठली.

(बॅगेत काय आहे: ठरवणे. या आठवड्यात.)

१३ सप्टेंबर, शनिवार.

शेजारच्या घड्याळवाल्याला पान वाचायला दिलं. समीक्षक कसा असावा तर असा, एक डोळा मिटलेला आणि दुसऱ्यावर भिंग. त्याने पान वाचलं, उलटं केलं, मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा सुलटं केलं. म्हणाला की दार ठोठावलंय तर कोणीतरी उघडायला हवं.

मत्सर! अकरा वर्षं शेजारी बसून हा माणूस माझी प्रगती बघतोय, जळणारच. मी त्याला म्हटलं की वाचकाच्या मनात दार उघडतं. तो म्हणाला की मग वाचनालयात वाचकाच्या मनालाच वीस मिनिटं द्या. आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

माझं घड्याळ त्याच्याकडे दुरुस्तीला आहे, म्हणून जास्त बोललो नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

सुवर्णाक्षरांचा दिवस!!

गणिताच्या बाई आल्या होत्या. निवृत्त, सडसडीत, बोलणं मोजकं. लेकीला नववीत यांनीच रडवलं होतं. गेल्या पंधरवड्यात चार चकरा झाल्या त्यांच्या, आधी फ्रेम बघायला, मग बहिणीला घेऊन, मग फ्रेम बदलायला. दर वेळी बाकावर तासभर बसायच्या, आतलं वाचन ऐकत. आज स्वतः खुर्चीत बसल्या. सगळ्यात कमी नंबरची काच घातली आणि कार्ड हातात दिलं. काय सांगू! वरपासून खालपर्यंत, श्वास न घेता, एकाही स्वल्पविरामाला धक्का न लावता वाचलं. मुंगीअक्षर तर असं, जणू पाढे. आत पावलं वाजली, म्हणाल्या आणि कार्ड मांडीवर ठेवलं.

सत्तरीच्या बाई! प्लस एकच्या काचेवर! मी म्हटलं, बाई, तुमची नजर तरुण आहे. त्या म्हणाल्या की मला पण जरा आश्चर्यच वाटतंय.

मला नाही वाटलं. ताकदीचं गद्य वाचकाला ओढून नेतं, हे मी नेहमीच म्हणत आलो आहे. गेल्या आठवड्यात असे आणखी आठजण झाले, पुन्हा तपासायला बसलेला बस ड्रायव्हर धरून. सगळे कमी नंबरवर भागले. माझ्या लेखनाने नजर सुधारते की काय, यावर एक टिपण लिहायला हवं.

पानं: शून्य. आनंदात कोण लिहितं?

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

बाई परत आल्या. चष्मा हातात. या चष्म्यातून त्यांनी औषधाची बाटली वाचली आणि खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल चमचाभर घेतलं. तब्येत बरी आहे, पण चेहरा नववीचे पेपर तपासतानाचा होता.

पुन्हा खुर्चीत बसवलं, पुन्हा तीच काच. पुन्हा धडाधड सगळं पान. मी हिच्याकडे विजयाने बघितलं. ही काउंटरवरून उठून आत आली, आणि कार्डावर आपला पंजा ठेवला. बाई हिच्या पंजाकडे बघत बघत चौथ्या मजल्यावर पोचल्या, थांबल्या, दार ठोठावलं, पावलं वाजवली.

मग बाकावरचे शिंपीदादा खो खो हसत सुटले आणि बाईंनी एका नजरेत त्यांना गप्प केलं.

पाठ! बाईंना माझं पान तोंडपाठ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. कोणत्या जिवंत लेखकाचं गद्य लोकांना पाठ आहे? मी हे बोलूनही दाखवलं. हिने कपाळाला हात लावला. म्हणाली की अहो, दुकानात दिवसातून बारा वेळा मोठ्याने वाचलं जातं, बाकावर बसलेल्या पोपटालासुद्धा पाठ होईल. तपासणीचं कार्ड पाठ झालं की तपासणी कसली? नऊजण चुकीचे चष्मे लावून फिरतायत, त्यातला एक बस चालवतो.

ड्रायव्हरला तातडीने बोलावलं. मधमाश्यांवर तपासलं. राणी माशीच्या पुढे जाईना. (दूरचं छान दिसतं, देवाची कृपा. वेळापत्रक तेवढं वाचता येत नव्हतं.)

नऊही चष्मे नव्या काचा घालून परत द्यायचे आहेत. मधमाश्या पुन्हा कार्डाच्या जागी. माझं पान हिच्या हुकमावरून खुर्चीपासून हद्दपार. मी ते बाकासमोरच्या भिंतीवर टांगलं. भिंतीबद्दल ती काही बोलली नव्हती.

२२ सप्टेंबर, सोमवार.

पानं: शून्य. तीन दिवस नुसत्या काचा घासतोय. पण बाहेर काय गर्दी! पान भिंतीवर गेल्यापासून वाढलीच आहे. सकाळी अकराला बाक भरलेला असतो. ड्रायव्हर, शिंपीदादा, गणिताच्या बाई आणि त्यांची बहीण, शिवाय ज्यांना चष्माच नाही अशी दोन माणसं. मशीनच्या आवाजात मला नीट ऐकू येत नाही, पण अधूनमधून हशा येतो. एकदा तर बाईंचाही आला. मशीन बंद करून बाहेर आलो तर सगळे भिंतीवरच्या पानाकडे बघत होते. ही बिलं लिहीत होती.

कौतुक वाटलं मला. एकच पान, पण रोज नवं सापडतंय लोकांना त्यात. हसण्यासारखं काय आहे ते मात्र मीही शोधून बघितलं. खर्डा चव्वेचाळीस करताना लक्षात ठेवेन.

२३ सप्टेंबर, मंगळवार.

आज बसलोच. शटर ओढल्यावर दोन तास. अर्पणपत्रिका पूर्ण: 'त्या एका वाचकास.' शीर्षकं सोळा सुचली, त्यातली तीन बरी आहेत. चौथ्या मजल्याचा पाचवा करावा का यावर बराच विचार केला. नाही केला. नायक दमेल.

पानं: अर्पणपत्रिका धरली तर एक.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

तालीम. लेकीने मोबाइलवर वेळ लावली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. सावकाश वाचलं. तीन मिनिटं दहा. पाणी पिऊन, खाकरून, दाराशी अर्थपूर्ण थांबून, साडेचार.

लेक म्हणाली की बाबा, वीस मिनिटं आहेत. मी म्हटलं, उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरं. लोक विचारतीलच की पुढे काय. मग तुम्ही काय सांगाल, असं ती म्हणाली. मी म्हटलं, ते तेव्हा बघू. मग ती विचारते, बाबा, पण तुम्हाला माहितीये ना?

प्रश्नाचा रोख मला आवडला नाही. तरुण पिढीला सगळं आधीच माहीत असायला हवं असतं.

छातीत थोडं धडधडतंय. चहा जास्त झाला असावा.

२७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ३.

निळा शर्ट. पान कोऱ्या पाकिटात. आजवर पानं: एक (जुनं). पण विचार करता दर्जा महत्त्वाचा. शंभर पानं असती तर त्यातून निवड करण्यात जीव मेटाकुटीला आला असता.

आज कोणीतरी विचारणार. नक्की.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

सगळं क्रमाने लिहितो.

वाचनालयाचा हॉल भरलेला. निम्मे लोक आमचीच गिऱ्हाइकं. एकजात सगळ्यांच्या नाकावर माझ्या हातच्या काचा चमकत होत्या, ते पाहून बरं वाटलं. माझ्याआधी एका नर्सने कविता वाचल्या, एका निवृत्त पोस्टमनने भुताची गोष्ट. मग मी. पाकीट उघडलं, पान धरलं. तिथले दिवे अगदीच मंद होते, कागद नुसता पांढरा दिसत होता, पण मला पान पाठ, त्यामुळे अडलं नाही.

'तो वीस वर्षांनी परत आला,' मी म्हणालो, आणि मला खालून आवाज ऐकू आला. अख्खा हॉल माझ्याबरोबर म्हणत होता. हळू आवाजात, शाळेतल्या प्रार्थनेसारखं. बॅग, जिना, चौथा मजला. पहिल्या रांगेत गणिताच्या बाई तर माझ्या पुढे निघून गेल्या होत्या आणि दाराशी माझी वाट बघत थांबल्या. सगळ्यांनी मिळून दार ठोठावलं. पावलं वाजली.

मग मी पाणी प्यालो. खाकरलो. ग्रंथपालबाईंनी घड्याळ बघितलं. चार मिनिटं. सोळा मिनिटं माझ्यासमोर आ वासून उभी होती. आणि मला खरंच काही माहीत नव्हतं. दारामागे कोण आहे ते मला कधीच माहीत नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तेवढ्यात मागून ड्रायव्हरचा खर्ज आला. म्हणाला की साहेब, हे झालं, आता वहिनींना वर बोलवा, पुढचं त्या सांगतील. शिंपीदादा म्हणाले की परवा नळापाशी थांबलं होतं. टाळ्या.

ही उठायलाच तयार नव्हती. गणिताच्या बाईंनी तिला हाताला धरून उठवलं. माझ्याकडे बघत वर आली, अहो, मी सांगू का असं हळूच विचारलं. मी पानाची घडी केली आणि खाली येऊन तिच्या खुर्चीवर बसलो. दुसरं काय करणार होतो?

तर झालं असं. दार एका म्हातारीने उघडलं. ती नायकाची आई. पण तिच्या चष्म्याचा नंबर चुकलेला, त्यामुळे तिने मुलाला ओळखलंच नाही. हातात बॅग बघून तिला वाटलं, नळ दुरुस्त करणारा आला. किती उशीर केलात म्हणून तिने त्याला चांगलं झापलं आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं. तो वीस वर्षांची माफी मागायला आलेला, आणि ती म्हणते आधी पाय पुसा. तो नळाखाली बसला. ती शेजारी स्टूल घेऊन बसली आणि नळवाल्याला आपल्या मुलाबद्दल सांगू लागली. तो कसा हट्टी होता, जेवताना पुस्तक लागायचं, गेला तेव्हा स्वेटर विसरला. सांगता सांगता मध्येच म्हणते, अहो, हातांनी काय पिळताय, बॅगेतलं हत्यार काढा की. आणि तो बॅग काही उघडत नाही. रुमाल आणि चमच्याने त्याने नळ बंद केला. माझ्या नायकाला नळ दुरुस्त करता येतो हे मला माहीत नव्हतं.

लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. माझ्या शेजारी घड्याळवाला बसला होता, त्याने भिंगाचा डोळाही पुसला. मीही बाही डोळ्याला लावली. चहाचा याच्याशी संबंध नव्हता. म्हातारी शेवटी बॅगेला हात घालते, म्हणते, तुम्ही नाही उघडत तर मी उघडते. तेवढ्यात दारावर थाप. खरा नळवाला आला! आणि ग्रंथपालबाईंनी घंटा वाजवली. वीस मिनिटं.

हॉलमध्ये आरडाओरडा. बॅगेत काय आहे, बॅगेत काय आहे! ही हसत म्हणाली की ते दुकानात.

परतताना आम्ही चालतच निघालो. मग विचारलं की हे कधीपासून. ती म्हणाली, पहिल्याच दिवसापासून. ड्रायव्हर काउंटरवर आला आणि त्याने विचारलं, वहिनी, मग पुढे काय झालं? एवढा मोठा माणूस, तोंड लहान मुलासारखं करून उभा. पुढे काही नाही असं सांगवेना, म्हणून दार उघडलं. मग सगळेच विचारायला लागले. मी म्हटलं, मला का नाही विचारलं कोणी? ती म्हणाली की एकदोघांनी विचारलं हो, तुम्ही त्यांना त्रेचाळीस खर्ड्यांची हकिगत ऐकवली.

म्हणजे विचारलं होतं. एकाने नाही, सगळ्यांनी विचारलं होतं. माझं पान वाचूनच विचारलं होतं. रस्ताभर मी हे मनात घोळवत होतो. वाईट वाटायला हवं होतं, पण मधूनच हसू येत होतं. ती म्हातारी मला फार आवडली आहे.

संध्याकाळ.

रविवार, दुकान बंद. हिने मला अर्ध्या उघड्या शटरखालून आत नेलं, खुर्चीत बसवलं, नाकावर जड फ्रेम चढवली आणि हातात मधमाश्या दिल्या. राणी माशी दिसली. कामकरी माशी अंदाजाने सांगितली. पोळ्याच्या घरांना किती बाजू विचारल्यावर आठ म्हणालो. (एकोणीस वर्षं ऐकलं खरं, पण माश्यांकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.)

प्लस दोन. रेघा फिक्या नव्हत्या तर. शाईही ठीक होती. कालचे दिवेही.

तिने काळी फ्रेम निवडली, काचा बसवल्या, कानामागे दांड्या वाकवून दिल्या. तिचा चेहरा इतक्या जवळून इतका नीट मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, तेही सांगून टाकलं. मान हलवू नका म्हणाली. मग मी विचारलं. मी, ज्याने बॅग हातात दिली, त्याने विचारलं, की खरा नळवाला आल्यावर पुढे काय झालं, आणि बॅगेत काय आहे?

म्हणाली की एकेकट्याला वेगळं सांगत बसायला मला वेळ नाही. उद्या सोमवार, अकरा वाजता सगळे येणार आहेत, तेव्हा ऐका.

संकल्प: उद्या पावणेअकरालाच बाकावरची पुढची जागा धरणे. नवी वही आणि एक पेन बरोबर ठेवणे, ती सांगेल ते उतरवून घ्यायला. डाव्या दांडीचा स्क्रू आताच थोडा सैल करून ठेवला आहे.